वाचून दाखवलं, बरोबर आहे

आमच्या घरी संध्याकाळी साडेसातला टीव्ही लागतो आणि आई त्याच्याशी भांडते.

"हातोडा! आला परत हातोडा! अरे, कुठल्या कोर्टात असतो हा? सतरा वर्षं झाली मला खुर्चीवर बसून, अजून धड पेपरवेट मिळालेला नाही."

मालिकेचं नाव 'न्याय माझ्या अंगणी'. तिच्यातली वसुंधरा न्यायाधीश आहे, मुलीला एकटीनं वाढवते, आणि केस कितीही भयंकर असो, तिच्या साडीची निरी हलत नाही. माझी आईसुद्धा न्यायाधीश आहे, तिनंही मला एकटीनंच वाढवलंय, पण तिच्या पदरावर कायम शाईचा नाहीतर वरणाचा डाग असतो. वडील नागपूरला असतात. मी चार वर्षांची असताना ते दोघं वेगळे झाले, रीतसर, सह्या करून, आवाज न चढवता. मालिकेत मात्र वसुंधराचा नवरा दर शुक्रवारी दारात येऊन उभा राहतो आणि व्हायोलिन वाजतं.

"दार लाव म्हणावं तिला," आई म्हणते. "डास येतात."

एवढं बोलते, पण एक भाग चुकवत नाही. मी तिच्या शेजारी बसून मटार सोलायचे आणि मनातल्या मनात नाचायचे, कारण तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती. जुलैपासून त्या मालिकेतलं कोर्ट मी दुरुस्त करत होते. मी! इयत्ता दहावी ब!

हे कसं झालं ते भराभर सांगते. हळू सांगायला मला जमत नाही.

न्यायाधीशांची दर तीन वर्षांनी बदली होते. परभणी झालं, कराड झालं, अलिबाग झालं. प्रत्येक शाळेत मी 'जज्जबाईंची मुलगी', म्हणजे जिच्याशी जपून बोलायचं अशी. त्यात आईचे नियम. वकिलाच्या गाडीत बसायचं नाही. वकिलांच्या घरी जेवायचं नाही, त्यांच्याकडच्या लग्नाला जायचं नाही. कोणी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आलं तर बॉक्स आणि माणूस दोघांना दाराबाहेरूनच परत पाठवायचं. वडील वकील नाहीत, काका वकील नाहीत, अशी मैत्रीण शोधून काढेपर्यंत बदलीची ऑर्डर यायची. मग मी तिसऱ्या बाकावर गप्प बसायची सवय करून घेतली होती.

पुण्यात आल्यावर नववीत बाईंनी मला वक्तृत्व स्पर्धेत ढकललं. विषय होता 'मोबाइल: शाप की वरदान'. आमच्याकडे मोबाइल नव्हताच, पण मी साडेसात मिनिटं बोलले आणि पहिली आले. चारशे लोक टाळ्या वाजवत होते. तेव्हापासून माझं तोंड बंद झालेलं नाही.

"तुझं बोलणं म्हणजे उलटतपासणी नसलेली साक्ष आहे," आई म्हणाली. "थांबवायला समोर कोणी वकीलच नाही."

त्याच सुमारास अपूर्वा माझ्या बाकावर आली. नारायण पेठेत राहते. आईनं नेहमीची चौकशी केली: वडील? गणिताचे शिक्षक. काका? एल.आय.सी.त. मग जा. आत्या काय करते हे आईनं विचारलं नाही.

अपूर्वाची हेमाआत्या 'न्याय माझ्या अंगणी' लिहीत होती. चॅनेल मुंबईला, शूटिंग मुंबईला, आणि आत्या नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरसमोर, केसांत पेन्सिल खोचून. सीन लिहायचा आणि ई-मेलनं पाठवायचा. नवीन ब्रॉडबँड आलं होतं त्यांच्याकडे, त्याच्या डब्यावरचे दिवे लुकलुकले की घरातले सगळे कुजबुजत बोलायचे.

"तू खऱ्या जज्जची मुलगी?" आत्यानं मला चष्म्यावरून बघितलं आणि चार कागद दिले. "हे वाच. काय चुकलंय सांग."

मी वाचलं. "सगळंच," म्हणाले.

अपूर्वानं मला चिमटा काढला. आत्या मात्र खुर्ची ओढून बसली. "एकेक सांग."

मग मी सुटलेच. आईला कोणी मिलॉर्ड म्हणत नाही, साहेब म्हणतात. बाई असली तरी साहेबच. साक्षीदार भर कोर्टात रडत पळत येत नाही, पट्टेवाला दारात उभा राहून तीनदा नावाचा पुकारा करतो, तेव्हा येतो. एका दिवशी एकच केस नसते, साठ-सत्तर असतात, आणि त्यातल्या पन्नासांना पुढची तारीख मिळते. आणि हातोडा नसतो. नसतोच!

"बाकी सगळं करते," आत्या म्हणाली. "हातोडा काढला तर चॅनेल मला काढेल."

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी टीव्हीवर पट्टेवाल्यानं दारात उभं राहून पुकारा केला. आई सोफ्यावर ताठ झाली. "अरे वा! कोणीतरी कोर्टात जाऊन आलेलं दिसतंय." मला कानांपर्यंत गरम झालं. आई कोणाचं कौतुक करत नाही. माझा वक्तृत्वाचा कप बघून तिनं "ठेव नीट" एवढंच म्हटलं होतं. आणि इथे ती टीव्हीला शाबासकी देत होती, म्हणजे मलाच. मी ठरवलं, दोनशेवा भाग आला की तिला सांगायचं. तोवर दर शनिवारी नारायण पेठ, दर बुधवारी-गुरुवारी आईकडून एखादं "अरे वा". मला त्या "अरे वा"ची चटकच लागली.

आता आईच्या सवयीबद्दल सांगायला हवं. निकाल लिहून झाला की ती तो घरी मोठ्यानं वाचते. आबांच्या खुर्चीला.

आबा म्हणजे तिचे वडील, दशरथ ओव्हाळ. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. सहीपुरतंच लिहिता यायचं. आई चौथीत असल्यापासून घरात आलेला प्रत्येक कागद त्यांना वाचून दाखवायची: कारखान्याची नोटीस, गावाकडचं पत्र, विहारातल्या कार्यक्रमाचं पत्रक. आबा प्रत्येक वेळी म्हणायचे, "पुन्हा सांग. सोपं करून." ते जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांची वेताची खुर्ची आमच्याबरोबर गावोगाव फिरते. बाबासाहेबांच्या फोटोखाली ती ठेवलेली असते. आई समोर बसून निकाल वाचते, मधेच थांबते, खुर्चीकडे बघते, आणि वाक्य खोडून सोपं करते.

"जो हरला त्याला आपण का हरलो ते पहिल्या वाचनात कळलं पाहिजे," ती म्हणते. "वकिलाला पैसे देऊन अर्थ विचारायची वेळ येता कामा नये."

नावं ती कधीच घेत नाही. अर्जदार आणि सामनेवाला, एवढंच. मी आतल्या खोलीत भूमिती करत असते आणि मधलं दार उघडं असतं. ऐकायचं नाही असं तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी ऐकते असं मीही तिला कधी सांगितलं नव्हतं.

डिसेंबरातल्या त्या गुरुवारी ती एका मुलाच्या ताब्याचा निकाल वाचत होती. आई-वडील वेगळे झालेले. वडील हिंजवडीच्या कंपनीत, कंपनी त्यांना तीन वर्षांसाठी कॅलिफोर्नियाला पाठवणार होती आणि त्यांना मुलाला बरोबर न्यायचं होतं. मुलाच्या आईला तो इथेच हवा होता. मुलगा नऊ वर्षांचा. चार दिवस इकडे, तीन दिवस तिकडे. माझ्या आईनं त्याला आपल्या चेंबरमध्ये एकट्याला बोलावलं होतं, बिस्किटं दिली होती, आणि दप्तरात काय काय असतं ते दाखव म्हटलं होतं. त्याच्या कंपासपेटीत, कर्कटकाच्या शेजारी, टूथब्रश होता.

मग आईनं हे वाक्य वाचलं:

"ज्या घरातल्या पेल्यात मुलाचा ब्रश कायमचा उभा असतो, ते त्याचं घर. ब्रश कंपासपेटीत घेऊन फिरणाऱ्या मुलाला दोन घरं नसतात, एकही नसतं."

ती थांबली. खुर्चीकडे बघितलं. काही खोडलं नाही.

माझ्या हातातली पट्टी खाली पडली. इतकं भारी वाक्य मी कुठल्याच वक्तृत्व स्पर्धेत ऐकलं नव्हतं, माझ्या स्वतःच्या भाषणातसुद्धा नाही.

"सोमवारी देऊन टाकते हा निकाल," आई कागद आवरत स्वतःशीच म्हणाली.

शनिवारी मी नारायण पेठेत पोचले तेव्हा आत्या डोक्याला हात लावून बसली होती. वसुंधरापुढे नेमकी मुलाच्या ताब्याची केस होती आणि तिला शेवटचं वाक्य सापडत नव्हतं.

"हे कधी दाखवणार?" मी विचारलं.

"आज लिहिलं की सोमवारी शूट, बुधवारी टीव्हीवर. आमच्याकडे शिळं काही मिळत नाही."

मी मनात हिशोब केला, खरंच केला! सोमवारी निकाल. आईच म्हणते, निकाल जाहीर झाला की तो सगळ्यांचा. कोणीही नक्कल काढावी, कोणीही वाचावा. मग बुधवारी टीव्हीवर आला तर काय बिघडलं? आणि आई ऐकेल. स्वतःचं वाक्य ऐकेल आणि म्हणेल, अरे वा. मग मी सांगेन, मीच! दोनशेवा भाग तरी कशाला हवा?

मी वाक्य सांगितलं. कंपासपेटीसकट. आत्यानं केसांतली पेन्सिल काढली, लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

सोमवारी एक ज्येष्ठ वकील वारले. अशा दिवशी कोर्टाचं काम थांबतं, सगळे उभे राहून शोक पाळतात आणि बोर्डावरच्या केसेसना पुढच्या तारखा पडतात. आई दुपारीच घरी आली. "आजचे सगळे निकाल गुरुवारी," म्हणाली आणि मटाराची पिशवी माझ्या हातात दिली.

गुरुवारी. मी पिशवी घेऊन तशीच उभी राहिले. मंगळवारी शाळा सुटल्यावर एसटीडी बूथवरून आत्याला फोन लावला. "अगं, टेप गेली चॅनेलला," ती म्हणाली. "का? अजून काही सुचलं का?" मी नाही म्हणाले. बूथवाल्याला सुटे दिले, बाहेर आले, सायकल आणलीय हे विसरून अर्ध्या रस्त्यापर्यंत चालत गेले, परत मागे गेले.

बुधवार. साडेसात. मी आईला म्हटलं, "आज नको ना टीव्ही, माझं डोकं दुखतंय."

"मग आत जाऊन पड. टीव्ही मी डोक्यात घालत नाहीये तुझ्या."

मी पडले नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. वसुंधरानं हातोडा आपटला. कॅमेरा तिच्या डोळ्यांवर गेला. व्हायोलिन. आणि मग ती बोलली: ज्या घरातल्या पेल्यात मुलाचा ब्रश.

आईचा अंगठा मटाराच्या शेंगेत तसाच राहिला. वसुंधरानं मुलगा आईला दिला, आई रडली, मुलगा रडला, पट्टेवाल्यानं डोळे पुसले.  सहा महिन्यांत पहिल्यांदा माझी आई त्या टीव्हीशी भांडली नाही. उठली, टीव्ही बंद केला आणि फोनचे आकडे फिरवले.

"श्यामसुंदर, तुम्ही टाइप केलेला तो निकाल कुठे आहे? कपाटात? किल्ली कोणाकडे?"

श्यामसुंदरकाका तिचे लघुलेखक. ती सांगते, ते शॉर्टहँडमध्ये घेतात आणि टाइप करतात. जानेवारीत रिटायर होणार होते.

दुसऱ्या दिवशी निकाल झाला नाही. वडिलांच्या वकिलांनी सकाळीच अर्ज दिला की आमच्या केसचा निकाल काल टीव्हीवर झाला, तोही आमच्याविरुद्ध. ब्रशची गोष्ट बंद खोलीत झाली होती, मग बाहेर कशी आली? हे सगळं मला फोनवरून कळलं. आई तिच्या मोठ्या साहेबांशी बोलत होती आणि मी मधल्या दाराशी उभी होते.

"हो सर. हो, वाक्य माझंच आहे. दोघांनाच माहीत होतं. मी आणि माझे स्टेनो... छत्तीस वर्षं नोकरी झालीय सर त्यांची. मला विश्वास बसत नाही... हो. त्यांना मेमो द्यावा लागेल, कल्पना आहे मला."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. पेल्यात माझा ब्रश उभा होता, निळा, तिरका. बंद केला नळ. परत सोडला.

मग सायकल काढली आणि नारायण पेठेत गेले. वाटेत कुठला सिग्नल होता, कुठला नव्हता, काही आठवत नाही. आत्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"कल्याणी! ये ये! अगं, चॅनेलमधून फोन आला! सकाळपासून बायका रडतायत म्हणे महाराष्ट्रभर!"

"आत्या, ते वाक्य माझं नव्हतं."

"माहितीय गं. तुझ्या आईच्या तोंडचं असणार. पंधराव्या वर्षी कोणाला सुचतं असं?"

"निकाल अजून जाहीर झाला नव्हता."

तिची पेन्सिल अर्ध्यात थांबली. तिला समजलं, निदान थोडं तरी. "पण तू नाव कुठे सांगितलंस? एक वाक्य तर होतं," ती म्हणाली, पण आधीच्या आवाजात नाही. अपूर्वा म्हणाली, "तू गप्प राहा. तुझ्यावर कोणाचा संशय आहे का? नाही ना? मग?"

नव्हता. तीच तर भानगड होती.

शुक्रवारी शाळेत बाईंनी आंतरशालेय स्पर्धेसाठी माझं नाव दिलं. विषय: 'सत्यमेव जयते'. मी म्हणाले, घसा बसलाय. बाई म्हणाल्या, आत्ताच तर ओरडत होतीस. संध्याकाळी घरी आले तर हॉलमध्ये श्यामसुंदरकाका बसले होते. सोफ्याच्या अगदी कडेला, कापडी पिशवी मांडीवर. बसलेत की उठतायत ते कळत नव्हतं.

"चहा टाक," आई मला म्हणाली.

मी चहा टाकला. स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं. आमच्या घरात सगळंच ऐकू येतं.

"साहेब, आमच्याकडे तर टीव्हीच नाही हो," काका म्हणत होते. "केबलवाल्यानं दर वाढवला तेव्हा हिनं तो फळीवर टाकला. तेव्हापासून आम्ही एकमेकांकडे बघत बसतो. त्यातही फारसं काही नवीन घडत नाही."

आई हसली नाही. काकाही नाही.

"श्यामसुंदर, आठवून बघा. कोणाशी बोललात का?"

"दोन रात्री आठवतोय. झोप नाही. टपरीवर बोललो असेन का? वाक्य चांगलं होतं हो, टाइप करताना मीच दोनदा वाचलं. बसमध्ये शेजारच्याला सांगितलं असेन का? मला आता माझीच खात्री वाटेना झालीय." त्यांचा आवाज बारीक झाला. "साहेब, तुम्ही म्हणत असाल तर लिहून देतो. माझ्याकडूनच गेलं असणार. दुसरं कोण आहे? तुम्ही तर सांगणार नाही. मग उरलो मीच."

चहा उतू गेला.

मी गॅस बंद केला आणि तशीच हॉलमध्ये आले, हातात सांडशी घेऊन. चारशे लोकांसमोर साडेसात मिनिटं बोललेली मी. आता समोर दोनच माणसं. दोघं माझ्याकडे बघत होते. आबांची खुर्ची रिकामी.

"काका, तुम्ही नाही," मी म्हणाले. "मी."

मग एकदा बांध फुटला आणि सगळं भडाभडा बाहेर आलं. शनिवार, सोमवार, पुकारा, ब्रॉडबँड, अरे वा, वकील वारले, एसटीडी बूथ. आईनं हात वर केला. कोर्टात ती असाच करत असणार, कारण मी जागच्या जागी थांबले.

"सांडशी खाली ठेव," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज सपाट होता. "उद्या मला साहेबांसमोर हे शब्दाशब्दानं सांगावं लागेल. मी लिहून घेऊ शकत नाही. मी तुझी आई आहे, कुठला शब्द सोडीन आणि कुठला ठेवीन, माझा मलाच भरवसा नाही." ती काकांकडे वळली. "श्यामसुंदर, वही आहे?"

"असते."

"घ्या लिहून."

काकांनी पिशवीतून वही काढली, पेन्सिलीचं टोक बघितलं.  

"नाव?"

"कल्याणी."

"पूर्ण."

"कल्याणी शर्मिला ओव्हाळ."

"वय?"

"पंधरा."

"धंदा?"

मी आईकडे बघितलं. "शिक्षण," आई म्हणाली. "म्हणे."

मग तिनं विचारायला सुरुवात केली. कोणत्या तारखेला? किती वाजता? खोलीत कोण कोण होतं? वाक्य कसं सांगितलंस, तेच शब्द की वेगळे? कोणी विचारलं होतं की आपणहून सांगितलंस? आपणहून, मी म्हणाले. का? का, कल्याणी?

"तू अरे वा म्हणशील म्हणून."

आई खिडकीकडे बघायला लागली. काकांची पेन्सिल चालत राहिली.

"जरा हळू बाळ," मधेच ते म्हणाले. आजवर मला हळू बोल असं शंभर जणांनी सांगितलंय, पण त्या दिवशी मला ते जमलं. ज्या माणसाची छत्तीस वर्षं मी तीन दिवसांत खाऊन टाकत होते, तोच माझं म्हणणं एक अक्षर न बदलता उतरवून घेत होता.

संपल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं. स्वतःचंच बोलणं दुसऱ्याच्या कोरड्या आवाजात ऐकायचं, ते फार भयंकर असतं. टाळ्यांची जागाच नव्हती कुठे. "सामनेवाल्यांच्या हितास बाधा येईल याचा मी विचार केला नाही" असं काही मी बोलले नव्हते. मी म्हणाले होते, "त्या मुलाचं काय होईल ते माझ्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी तेच लिहिलं होतं. तस्संच.

"खाली काय लिहायचं असतं?" आईनं विचारलं, मला.

मला माहीत होतं. मीच आत्याला शिकवलं होतं. प्रत्येक साक्षीच्या शेवटी असतं ते. मी लिहिलं: वाचून दाखवलं, बरोबर आहे. आणि सही केली.

काका चपला घालताना दारात थांबले. मला वाटलं, आता बोलतील काहीतरी. बोलले, पण आईशी.

"स्पीड चांगला आहे हो मुलीचा, साहेब. मिनिटाला एकशेचाळीस शब्दांच्या वर. मी होतो म्हणून निभावलं."

दार लागल्यावर मी वाट बघत उभी राहिले. आई ओरडेल. मालिकेत असती तर एक थोबाडीत बसली असती आणि मग मिठी. आई आबांच्या समोरच्या तिच्या जागेवर बसली.

"चूक माझ्या नावावर जाणार आहे," ती म्हणाली, "आणि ते बरोबरच आहे. निकाल घरी मी वाचला. दार उघडं मी ठेवलं. खुर्चीला कान नाहीत, पण घराला आहेत, हे सतरा वर्षांत मला कळायला हवं होतं."

"आई, मी साहेबांना भेटून सांगू? मी नीट बोलेन—"

"तू पुरेशी बोललीस."

"मग मी काय करू?"

"आत्ता? चहा पुसून टाक. वाळला की निघत नाही."

ती केस दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेली. युक्तिवाद पहिल्यापासून. बढतीची यादी आली, त्यात आईचं नाव नव्हतं. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही, मीही विचारलं नाही. काका जानेवारीत रिटायर झाले, हार, नारळ, भाषणं, सगळं नीट. हेमाआत्याला आईनं एक पत्र लिहिलं, चार ओळींचं. त्यात काय होतं ते मला ठाऊक नाही. पण त्यानंतर मालिकेतला पट्टेवाला पुकारा करायचा बंद झाला आणि साक्षीदार पुन्हा रडत पळत यायला लागले. मी नारायण पेठेत जाते अजून, पण तळमजल्यावर अपूर्वाला हाक मारते, वर चढत नाही.

तो मुलगा. त्याचं नाव मला माहीत नाही, शाळा माहीत नाही. गुरुवारी निकाल झाला असता तर शुक्रवारी त्याचा ब्रश कुठल्यातरी पेल्यात गेला असता. माझ्यामुळे तो अजून कर्कटकाशेजारी असेल. कंपास उघडली की मला हे आठवतं, आणि दहावीला भूमिती असल्यामुळे कंपास रोज उघडावी लागते.

आई निकाल अजून मोठ्यानं वाचते. तिला तसं वाचल्याशिवाय कळतच नाही ते सोपं झालंय की नाही. पहिल्यांदा तिनं मधलं दार लावून घेतलं, पण ते आमचं सरकारी दार, लावलं तरी उघडंच. मग मीच उठले आणि चपला घातल्या. तेव्हापासून ती कागद हातात घेते आणि मी खाली जाते. क्वार्टर्सच्या भोवती फेऱ्या मारते. बसून राहता येत नाही. साध्या निकालाला आठ फेऱ्या, अवघड असला तर पंधरा. वॉचमन विचारतो, "वजन कमी करताय काय ताई?" मी हो म्हणते.

काल बारावी फेरी चालू होती. वरून गॅलरीतून आईचा आवाज आला.

"कल्याणी! वर ये."

"झालं वाचून?"

"आजचं झालं. हा परवाचा आहे. आज दुपारी जाहीर केला."

मी वर गेले, धापा टाकत. आईनं माझ्यासाठी स्टूल सरकवलं होतं, आबांच्या खुर्चीच्या बाजूला. चष्मा नाकावर चढवला.

"आता हा सगळ्यांचा आहे," ती म्हणाली. "बस. आणि कुठे अडलं तर सांग."

माझे पाय अजून चालायच्याच बेतात होते. मी गुडघ्यांवर हात दाबून धरले. तिनं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या परिच्छेदात मला एक वाक्य कळलं नाही.

"पुन्हा सांग," मी म्हणाले. "सोपं करून."